बायका येत नाहीत म्हणता? मग काडी त्यांच्या हातात द्या

मागच्या महिला दिनाला आपल्या तालुक्यात एक आरोग्य शिबिर झालं. कुठं, कुणाचं ते सांगत नाही. अशी शिबिरं सगळीकडेच होतात आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. मंडप होता, फ्लेक्स होता, फ्लेक्सवर अकरा पुरुषांचे फोटो होते. मी बातमीसाठी गेले होते. दीडशेच्या आसपास बायका आल्या. बीपी झालं, शुगर झाली, रक्त घेतलं. शाळेच्या एका वर्गात बाकं सरकवून, खिडकीला साडी बांधून ‘गर्भाशयमुख कॅन्सर तपासणी’ची सोय केली होती. दुपारी दोनपर्यंत त्या खोलीत किती जणी गेल्या? सात.

रांगेतल्या एका मावशींना विचारलं, “मावशी, आत नाही गेलात?”

“बीपी बघा म्हणावं, शुगर बघा म्हणावं. खालचं न्हाई दाखवायची बाई मी. खिडकीच्या पलीकडं पोरं क्रिकेट खेळायलेत.”

नंतर चहा पिताना एक साहेब म्हणाले, “काय करणार मॅडम, सोय केली तरी बायकाच येत नाहीत. जनजागृती कमी पडते.”

दुसऱ्या दिवशी बातमी लागली, ‘महिला आरोग्य शिबिरास उत्स्फूर्त प्रतिसाद’. लिहिणारी मीच. म्हणून आजची पोस्ट थोडी प्रायश्चित्त म्हणूनही वाचा.

“बायकाच येत नाहीत” हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय. आता त्याचा हिशोब करू.

आधी आकडे. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास बायका त्यात जातात. सरकारच्याच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेल्या बायका किती? १.९ टक्के. शंभरातल्या दोघीसुद्धा नाहीत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये कागदावर ठरवलं होतं की तिशीनंतर प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी तपासणी करायची. शंभरातल्या ९८ जणी येत नसतील तर दोष ९८ जणींचा की बोलावण्याच्या पद्धतीचा? हॉटेलात शंभरातली ९८ गिऱ्हाइकं जेवण न करता उठून गेली तर मालक “लोकांमध्ये जेवणाबद्दल जागृती नाही” असं म्हणतो का?

ही पद्धत काय आहे ते पुरुष वाचकांसाठी सांगते, कारण बायकांना सांगायची गरज नाही. टेबलावर झोपायचं, कपडे वर, पाय फाकवून. मग बदकाच्या चोचीसारखं एक यंत्र आत घालून उघडतात. पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिडचं, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी लावतात आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघतात. बघणाऱ्याची नजर तयार असेल तर ही तपासणी उपयोगाची आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती वर्षानुवर्षं करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे तपासणी वाईट नाही. पण त्यासाठी खोली लागते, टेबल लागतं, उजेड लागतो, आडोसा लागतो आणि शिकलेली नर्स किंवा डॉक्टर बाई लागते. आपल्या किती आरोग्य केंद्रांत हे सगळं एकाच दिवशी, एकाच वेळी असतं? ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा. मला केंद्राचं नाव नको, फक्त हो की नाही ते सांगा.

आता मुद्द्यावर येते.

याला दुसरा रस्ता आहे आणि जगाने तो धरलेला आहे. हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. हा शोध लावणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला, हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू आहे का, हे यंत्रावर तपासता येतं. त्यासाठी लागणारा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनीमार्गात आत सरकवायची, काही वेळा गोल फिरवायची, बाहेर काढून नळीत टाकायची, झाकण लावायचं. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नाही. टेबल नाही, चोच नाही, खिडकीला साडी नाही. घरच्या मोरीत कडी लावून होतं.

मी स्वतः केलं. वय ४४. वीस वर्षं महिला दिनाच्या बातम्या लिहिल्या आणि स्वतःची तपासणी एकदाही केली नव्हती. मी त्या ९८ मधलीच. गेल्या दिवाळीनंतर पुण्याला बहिणीकडे गेले होते, तिथल्या एका खासगी लॅबमधून किट घेतलं. पाच मिनिटं लागली, त्यातली तीन सूचना वाचण्यात गेली. दुखलं नाही. बाहेर आले तर बहिणीची सून विचारते, “झालंसुद्धा?” झालंसुद्धा. पण मला ते परवडलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला कित्येक दिवसांची मजुरी मोडून हे परवडणार आहे का? म्हणून ते सरकारी दवाखान्यातून, आशाताईच्या पिशवीतून आणि फुकट मिळालं पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे.

आता आक्षेप ऐकू. मी मुद्दाम काही डॉक्टरांशी बोलले.

पहिला आक्षेप : “बायकांना स्वतः जमणार नाही, नमुना चुकेल.”

अहो, गरोदरपणाची पट्टी गावातल्या प्रत्येक मेडिकलवर मिळते. तिची सरकारी किट तर आशाताईच घरी आणून देते. तेव्हा बाईला जमतं! कोविडमध्ये २०२१ साली पुण्याच्या कंपनीचं घरगुती किट आलं, आपण सगळ्यांनी आपापल्या नाकात काड्या घातल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नाकाचे डॉक्टर बोलवा. आणि हा नुसता तर्क नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५६ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. पीसीआर पद्धतीची चाचणी वापरली तर बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच कामाचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली आणि नमुना डॉक्टरने घ्यावा किंवा बाईने स्वतः, दोन्ही चालेल असं सांगितलं. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय सगळ्या पात्र बायकांना खुला केला. नेदरलँड्स त्याच्याही आधीपासून किट देतंय. तिथल्या बायकांना हात आहेत आणि आपल्या बायकांना नाहीत का? दिवसभर कोयता चालवणाऱ्या हाताला एक काडी फिरवता येणार नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा फडावर जाऊन यावं.

दुसरा आक्षेप : “हे परदेशातलं. आपल्याकडे पुरावा काय?”

इथं मात्र मला खरोखर राग येतो. कारण जगाला पुरावा देणारा जिल्हा कुठला माहीत आहे? आपला! धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. १९९९ पासून टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आपल्या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांना घेऊन अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एकाला एचपीव्ही चाचणी, एकाला पॅप तपासणी, एकाला ती व्हिनेगरची तपासणी, आणि चौथ्या गटाला काहीच नाही, नेहमीसारखं. निकाल २००९ मध्ये अमेरिकेतल्या जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४ हजार बायकांमध्ये या कॅन्सरने ३४ मृत्यू. काहीच न मिळालेल्या ३१ हजारांमध्ये ६४. आयुष्यात फक्त एकदा चाचणी केली आणि मृत्यू जवळपास निम्मे झाले.

तेव्हा नमुने नर्सताईंनी घेतले होते, बायकांनी स्वतः नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण चाचणी हीच, विषाणू शोधणारी. आणि त्या चौथ्या गटातल्या बायका कोण होत्या? आपल्याच चुलत्या, मावश्या, आज्या. त्यांना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे मोठा नैतिक वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. जगभर त्या आकड्यांचे दाखले दिले जातात. जगाने आपल्या बायकांच्या मरणातून शिकून धोरणं बदलली. आणि त्याच जिल्ह्यात आज कुठल्याही आरोग्य केंद्रात जाऊन “एचपीव्हीची चाचणी करायचीय” असं म्हणून बघा, काय उत्तर मिळतं ते!

तिसरा आक्षेप : “यंत्रं कुठायत? पैसा कुठाय?”

टीबीच्या तपासणीसाठी ट्रूनॅट नावाचं यंत्र अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत आलेलं आहे. कोविडमध्ये त्यावरच नमुने तपासले. ते गोव्याच्या कंपनीचं आहे, आणि त्याच यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणीही तिने बनवली आहे. दुसरी देशी चाचणी पुण्याच्या मायलॅबची. २०२५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने या दोन्ही चाचण्यांची मोठ्या संस्थांकडून झालेली पडताळणी जाहीर केली. म्हणजे चाचणी पुण्यात बनते, गोव्यात बनते, पुरावा धाराशिवचा, आणि बाई शाळेच्या वर्गात साडीच्या आडोशाला! बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी आणखी पडताळणी लागत असेल तर करा की. बार्शीला पंचवीस वर्षांचा अनुभव बसलेला आहे, त्यांना विचारा. आणि ही चाचणी दर महिन्याला करायची नाही. निगेटिव्ह आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी. आयुष्यात दोन-तीन वेळा. कमानी आणि फ्लेक्सवर जो खर्च होतो त्याच्या शेजारी हा मांडून बघा.

चौथा आक्षेप कुणी तोंडावर करत नाही, मागून कुजबुजतात. “हा विषाणू तसल्या संबंधातून येतो म्हणे. पॉझिटिव्ह आली तर लोक काय म्हणतील?”

तर स्पष्ट ऐका. एचपीव्ही इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना, बाईला आणि पुरुषालाही, कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात वर्षानुवर्षं गप्प बसतो. तो कधी आला, कुणाकडून आला हे कुणालाच सांगता येत नाही. त्यावरून बाईचं चारित्र्य मोजणारा माणूस आधी स्वतःची तपासणी करून आला आहे का, हे विचारा. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे! विषाणूपासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात पकडलं तर कॅन्सर होण्याच्या आधीच तो भाग काही मिनिटांत जाळून किंवा गोठवून नष्ट करता येतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, बहुतेक वेळा भरतीसुद्धा व्हावं लागत नाही.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर बोलते. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आकडा आला, पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यातल्या किती जणींना सांगितलं होतं, “पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल”? गावोगाव हेच वाक्य मी ऐकलंय. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, की लगेच कॅन्सरची भीती घालायची. म्हणजे बघा, कॅन्सरची भीती गावात पोचली, ऑपरेशन पोचलं, त्याचं कर्ज पोचलं. फक्त कॅन्सरचा धोका खरंच आहे की नाही हे सांगणारी चाचणी पोचली नाही. बाईच्या हातात निगेटिव्हचा कागद असता तर ती त्या भीतीपुढे उभी राहिली असती. मला वाटतं, या काडीची काही लोकांना अडचण होणार आहे ती यासाठी.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द. किट वाटून फोटो काढायला उद्या सगळेच पुढे येतील. तसं झालं तर त्यापेक्षा किट न आलेलं बरं. आपल्या जिल्ह्यातल्या त्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी झालेल्या शंभरातल्या साधारण दहा जणी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. म्हणजे हजार किट वाटली तर शंभर बायका अशा, ज्यांना पुढची तपासणी आणि गरज असेल तर उपचार लागणार. ती सोय आधी उभी करा, मग काडी हातात द्या. नाहीतर “तुला काहीतरी निघालंय” एवढंच सांगून बाईला घरी पाठवणं हा छळ आहे.

म्हणून मागण्या नीट, क्रमाने लिहिते. जिल्हा परिषद, आरोग्य खातं आणि आपले सगळे लोकप्रतिनिधी, कुठल्याही पक्षाचे, यांच्यासाठी :

१. आपल्या जिल्ह्यातला एक तालुका निवडा. ३० ते ४९ वयाच्या प्रत्येक बाईला आशाताईमार्फत किट द्या. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांना धोका जास्त असतो, त्यांना २५ पासून.

२. नमुने तपासायला असलेली यंत्रं वापरा, पण टीबीच्या रुग्णाला मागे ढकलून नव्हे. कमी पडत असतील तर वाढवा.

३. पॉझिटिव्ह बाईची पुढची तपासणी ३० दिवसांच्या आत, तालुक्याच्याच ठिकाणी, ठरलेल्या वारी, डॉक्टर बाई हजर असताना. येण्याजाण्याची गाडी सरकारची.

४. रिपोर्ट बाईला एकटीला सांगायचा. ओट्यावर नाही, ग्रामसभेत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही.

५. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला, आणि वेळेवर. त्यांच्या डोक्यावर आधीच गावाचं ओझं आहे.

६. दर तीन महिन्यांनी चार आकडे जाहीर करा. किट किती दिली, परत किती आली, पॉझिटिव्ह किती, उपचार पूर्ण किती. पहिले तीन आकडे कितीही मोठे असू देत, मी बातमी चौथ्या आकड्याची करणार.

कुणी म्हणेल, आता लस आली आहे की. आली आहे, पुण्याच्याच सीरमची देशी लससुद्धा आहे, आणि मुलींना ती जरूर द्या. पण ती आज शाळेत असलेल्या मुलीला वाचवणार. तिच्या चाळिशीतल्या आईचं काय?

शेवटी एक घरातली गोष्ट. माझी चुलती, आम्ही तिला मोठीमाय म्हणायचो. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एक दिवस अंगावरून पुन्हा लाल गेलं. ती हसत म्हणाली, “मी पुन्हा तरणी झाले गं.” गावातल्या दवाखान्यात आठ महिने गोळ्या आणि टॉनिक. कुणी आत बघितलं नाही, तिनेही बघू दिलं नाही. बार्शीला नेलं तेव्हा तिसरी स्टेज. शेक दिला, केमो झालं. दीड वर्ष काढलं तिने. शेवटच्या दिवसांत मला म्हणाली, “लाज धरली ना, तिनंच खाल्लं मला.” मी तेव्हा मान हलवली. आज हलवली नसती. मोठीमाय, तुझी लाज साधी होती, कुठल्याही माणसाला असते तेवढीच. ती लाज राखून तपासायची सोय जगात होती. तुझ्या दारापर्यंत ती कुणी आणली नाही.

म्हणून एक गोष्ट बायांनो, काळजात कोरून ठेवा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, मधेच लाल जात असेल किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर कुठल्या किटची वाट बघू नका. ही काडी तब्येत बरी असताना वापरायची. त्रास असेल तर सरळ डॉक्टरकडे जायचं आणि “आतून तपासा” असं आपणहून म्हणायचं. आणि भावांनो, बायको किट घेऊन मोरीत गेली तर “हे काय नवीन” असं विचारू नका. पोरांना सांभाळा पाच मिनिटं.

पुढचा महिला दिन येईलच. फ्लेक्स लागतील, मला आमंत्रण येईल. साहेब पुन्हा म्हणाले “बायकाच येत नाहीत”, तर मी एवढंच विचारणार आहे : साहेब, तुम्ही गेलात का त्यांच्याकडे, काडी घेऊन?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे. पण आपल्या आशाताईला आणि आपल्या जिल्हा परिषद सदस्याला टॅग करायला विसरू नका.